रेगे ऐकायचंय? मग आधी रॉकस्टेडीची दोन वर्षं ऐका

रेगे म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काय येतं, तर बॉब मार्लीचा टी-शर्ट, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची टोपी, जटा, आणि गोव्याच्या शॅकमधे संध्याकाळी लागणारी तीच ती चार-पाच गाणी. मार्ली मोठाच माणूस होता, त्यात वादच नाही, पण जेमतेम ११ हजार चौरस किलोमीटरच्या त्या बेटावरून गेल्या साठेक वर्षांत इतकं म्युझिक बाहेर आलंय की मार्लीवरच थांबलात तर बरंच काही हुकेल. दुसरी एक तक्रार नेहमी ऐकू येते की रेगेची सगळी गाणी सारखीच वाटतात. सुरुवातीला तसं वाटणारच हो, कारण आपला कान जातो गाणाऱ्याच्या आवाजाकडे आणि चालीकडे, आणि या संगीतात खरी गंमत चाललेली असते खाली, बास गिटारमधे. बास ऐकायची सवय लागली की मग गाणी वेगवेगळी दिसायला लागतात. आणि ती सवय लावून घ्यायला रेगेच्या आधीची दोन वर्षं, १९६६ ते १९६८, ज्याला रॉकस्टेडी म्हणतात ती सगळ्यात चांगली.

आधी एक गोंधळ मिटवून टाकतो. वेस्ट इंडीज म्हणजे सगळं एकच असं आपल्याला क्रिकेटमुळे वाटतं. १९७१ च्या दौऱ्यानंतर सुनील गावसकरवर जे प्रसिद्ध गाणं झालं ते लॉर्ड रिलेटरचं, आणि ते कॅलिप्सो आहे, रेगे नाही. कॅलिप्सो त्रिनिदादचं, रेगे जमैकाचं, आणि या दोन बेटांमधे सुमारे १८०० किलोमीटर समुद्र आहे. बाकी त्याच दौऱ्यात पहिल्या टेस्टला दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर २१२ ठोकले, तेव्हा त्या शहरात रेगे हा प्रकार जेमतेम तीन वर्षांचा होता आणि गल्लोगल्ली वाजत होता.

आता मुळात जाऊ. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधे लोकांना नाचायला हवं असायचं अमेरिकन रिदम अँड ब्लूज, जे न्यू ऑर्लीन्स, मायामीकडच्या रेडिओवरून रात्री अधूनमधून पकडता यायचं. ऑर्केस्ट्रा परवडायचा नाही. मग आल्या साउंड सिस्टिम. म्हणजे एक टर्नटेबल, एक ॲम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर, हे सगळं ट्रकमधे घालून एखाद्या मोकळ्या आवारात न्यायचं, तिकीट लावायचं, आत बिअर विकायची आणि पहाटेपर्यंत रेकॉर्ड वाजवायच्या. यात दोन मोठे भिडू होते. एक ड्यूक रीड, आधी पोलिसात होता, नंतर दारूचं दुकान, कमरेला पिस्तूल लावून फिरायचा. दुसरा क्लेमंट डॉड, ज्याला सगळे कॉक्सन म्हणायचे, आणि हे नाव त्याला शाळेत क्रिकेट चांगलं खेळायचा म्हणून पडलं, यॉर्कशायरच्या ॲलेक कॉक्सन या खेळाडूवरून. दोघांची चुरस इतकी की अमेरिकेतून आणलेल्या दुर्मिळ रेकॉर्डचं लेबल खरवडून काढायचे, म्हणजे समोरच्याला गाणं कुठलं आणि कुणाचं ते कळूच नये.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रॉक अँड रोल आलं, जमैकन लोकांना आवडणारा तो जुना प्रकार यायचा हळूहळू कमी झाला, मग या साउंड सिस्टिमवाल्यांनी स्थानिक गायक-वादक धरून स्वतःच रेकॉर्ड करायला सुरुवात केली. त्यातून स्का निघालं. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला आणि स्का हे त्या आनंदाचं म्युझिक झालं, फास्ट, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनने भरलेलं. वाजवणारे बरेचसे अल्फा बॉइज स्कूलमधून आलेले, ही कॅथलिक नन्सनी चालवलेली गरीब मुलांची शाळा, तिथे बँड शिकवायचे, आणि सिस्टर मेरी इग्नेशियस नावाच्या सिस्टरना स्वतःलाच गाण्यांचा एवढा नाद की मुलांना जॅझच्या रेकॉर्ड ऐकवायच्या. स्कॅटलाइट्स हा स्काचा सगळ्यात मोठा बँड १९६४ मधे झाला आणि वर्षभरात फुटलाही. त्यांचा ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड, अफाट वादक, १९६५ च्या सुरुवातीला मैत्रिणीच्या खुनात अडकला आणि पुढे मनोरुग्णालयातच १९६९ मधे गेला. स्का ऐकायला मजा येते, पण मला विचाराल तर दहा गाण्यांनंतर दम लागतो.

तर दम नाचणाऱ्यांनाही लागत असावा. १९६६ मधे गाणी एकदम स्लो झाली. का झाली याच्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणजे त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता, फास्ट नाचवेना. दुसरी जास्त मजेशीर आहे, होपटन लुइस नावाच्या गायकाला 'टेक इट ईझी' हे गाणं स्काच्या स्पीडला म्हणता येईना, शब्द बसेनात, म्हणून त्याने स्लो करायला सांगितलं आणि गिटारवादक लिन टेटने ते स्लो केलं. तिसरी आहे पैशाची, ब्रासवाल्यांची फौज बोलवायची त्यापेक्षा चार-पाच वादक स्वस्त. आणि अमेरिकेतही तोवर सोल म्युझिकची हवा होती, इम्प्रेशन्स या ग्रुपच्या गोड हार्मनीवर किंग्स्टनची पोरं फिदा होती. मला वाटतं हे सगळंच थोडंथोडं खरं असणार. नाव मिळालं गायक अल्टन एलिसच्या 'रॉक स्टेडी' या गाण्यावरून.

यातला लिन टेट हा माणूस लक्षात ठेवा. तो जमैकन नव्हताच, त्रिनिदादचा, १९६२ च्या स्वातंत्र्य सोहळ्यासाठी वाजवायला आला आणि राहिला. त्याने केलं काय, तर गिटारच्या तारा हाताने दाबून, आवाज बुजवून, बास जे वाजवतो तेच बरोबरीने वाजवायला लागला. त्यामुळे बासची लाइन जाड तर झालीच पण तिला कडाही आली, टुक-टुक अशी, आणि गाण्यात ती पुढे आली. स्कामधे बास म्हणजे उभा डबल बास, प्रत्येक ठोक्याला एक सूर, चालत राहायचं. रॉकस्टेडीमधे इलेक्ट्रिक बास आला आणि गाणं स्लो झाल्यामुळे त्याला जागा मिळाली. तो आता एक छोटं वाक्य म्हणतो, गप्प बसतो, परत म्हणतो. त्या गप्प बसण्यातच सगळा झोल आहे. ड्यूक रीडकडे बरीचशी गाणी वाजवणारा जॅकी जॅक्सन याचा बास ऐका, फार सूर नसतात पण एक काढून टाकला तर गाणं कोसळेल.

आता तालाचं बघू, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. हळू आकडे मोजा, एक-दोन-तीन-चार. गिटार किंवा पियानो 'चक' असा छोटा कट मारतो तो दोनवर आणि चारवर. आणि ड्रमचा मोठा ठोका, म्हणजे पायाचा ड्रम आणि स्नेअरच्या कडेवर मारलेली काठी दोन्ही एकदम, पडतो तो तीनवर. मग एकवर काय? काहीच नाही. याला वन ड्रॉप म्हणतात, पहिला ठोका गाळलेला. आपल्याकडे तबला ऐकणाऱ्याचा कान समेची वाट बघत असतो, सगळं वजन फिरून पहिल्या मात्रेवर येऊन पडतं आणि मग आपण मान हलवतो. इथे ड्रमर नेमकी तीच जागा मोकळी सोडतो, म्हणजे समेवर यायचं आणि तिथे कुणी नाहीच, वजन पुढे तीनवर. म्हणून पहिल्यांदा ऐकताना टाळी कुठे द्यायची ते कळत नाही, आणि म्हणूनच शरीर आपोआप मागे रेलल्यासारखं होतं. पुढे मार्लीच्या बँडमधल्या कार्लटन बॅरेटने हा ताल जगभर प्रसिद्ध केला, पण तो रॉकस्टेडीतच बसलेला होता.

एक गाणं जवळून ऐकू. पॅरागॉन्स या ग्रुपचं 'द टाइड इज हाय', १९६७, लिहिलेलं जॉन होल्टचं, निर्माता ड्यूक रीड. तुम्ही ब्लाँडी या अमेरिकन बँडचं ऐकलं असेल, १९८० मधलं, अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे एक नंबरला गेलेलं. ते छान चकचकीत आहे. मूळ गाणं लावा, आधी व्हायोलिन येतं, थोडं खरखरीत, आणि मग तीन आवाज. यातला माणूस सांगतोय की मी सहजासहजी माघार घेणारा नाही, पण आवाजात जोर अजिबात नाही, उलट हार मानल्यासारखा मऊ गातोय, आणि हट्ट काय तो सगळा बास करतोय, तेच वाक्य परत परत, तसूभर न हलता. वरचा आवाज एक म्हणतो आणि खालचा बास दुसरंच म्हणतो, हे रॉकस्टेडीमधे सारखं सापडेल. ब्लाँडीच्या गाण्यात हट्ट आवाजात आला आणि बास मागे गेला, त्यामुळे गाणं तेच असून मतलब बदलला.

ड्यूक रीडचा ट्रेझर आइल स्टुडिओ किंग्स्टनच्या बाँड स्ट्रीटवर होता, दारूच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, लाकडी खोली. खाली बाटल्या विकताविकता तो स्पीकरवरून वरचं ऐकत असायचा, आवडलं नाही तर वर यायचा, पिस्तुलासकट. असा माणूस आणि त्याच्याकडून निघालेली गाणी मात्र बघा, बेटावरची सगळ्यात नाजूक प्रेमगीतं. फिलिस डिलन ऐकाच, लिनस्टेड गावची मुलगी, लिन टेटने तिला क्लबमधे गाताना ऐकून ड्यूक रीडकडे आणलं. 'डोन्ट स्टे अवे' मधे ती एक सूरही ताणत नाही, ओरडत नाही, विनवणी करतानाही ताठ उभी आहे असं वाटतं. ती १९६७ च्या शेवटी न्यूयॉर्कला गेली, बँकेत नोकरी केली आणि मधेमधे येऊन रेकॉर्डिंग करत राहिली. माझ्या मते तिचं नाव अल्टन एलिसच्या बरोबरीने घ्यायला हवं, घेतलं जात नाही.

कॉक्सन डॉडचा स्टुडिओ वन, १३ ब्रेंटफर्ड रोडवर, त्याचा आवाज वेगळा, जरा रांगडा, ऑर्गन पुढे. तिथे जॅकी मिटू की-बोर्डवर आणि हेप्टोन्स या ग्रुपचा लेरॉय सिब्ल्स गाणंही म्हणायचा आणि बासही वाजवायचा. डॉन पेन हिने तिथेच १९६७ मधे 'यू डोन्ट लव्ह मी' गायलं, आणि तेच गाणं पंचवीसेक वर्षांनी पुन्हा गाऊन १९९४ मधे युरोपात हिट केलं. ट्रेझर आइल चांगलं की स्टुडिओ वन यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी रॉकस्टेडीपुरता ट्रेझर आइलवाला.

गोड गाणी म्हणून बाहेर सगळं गोड होतं असं मात्र नाही. स्वातंत्र्याला चार वर्षं झाली होती, गावाकडून माणसं किंग्स्टनला येत होती आणि काम नव्हतं. १९६६ मधे बॅक-ओ-वॉल ही झोपडपट्टी बुलडोझर लावून पाडली, दोन राजकीय पक्षांनी आपापल्या वस्त्या आणि आपापली हत्यारबंद पोरं धरली, त्याच वर्षी पश्चिम किंग्स्टनमधे आणीबाणी लावावी लागली. या पोरांना रूड बॉय म्हणायचे, आणि त्यांच्यावर गाण्यांचा पाऊस पडला. काही गाणी त्यांची बाजू घेणारी, काही कान उपटणारी. डेस्मंड डेकरचं '००७' याच काळातलं. अल्टन एलिस मात्र सरळ रूड बॉयच्या विरोधात गायचा, आणि त्या वस्तीत राहून तसं गायला हिंमत लागते.

१९६८ मधे पुन्हा गिअर बदलला. ऑर्गन सतत बुडबुड्यांसारखा वाजायला लागला, गिटारचा एक कट होता त्याचे कधीकधी दोन झाले, ताल जरा चढला, बास अजून जड झाला आणि रेगे सुरू झालं. पहिलं रेगे गाणं कुठलं यावर एकमत होणार नाही, लॅरी मार्शलचं 'नॅनी गोट' म्हणतात, ली पेरीचं 'पीपल फनी बॉय' म्हणतात, आणि नाव मात्र पहिल्यांदा गाण्यात आलं ते टूट्स अँड द मेटल्सच्या 'डू द रेगे' मधे. टूट्स हिबर्ट म्हणजे चर्चमधे गाणारा गळा, मोठा, फाटका, खरा. १९६६ मधे गांजाच्या केसमधे आत जाऊन आला होता, त्यावरचं '५४-४६' गाणं लावून स्वस्थ बसून दाखवा. १९६९ मधे डेकरचं 'इझ्रालाइट्स' ब्रिटनमधे एक नंबरला गेलं तेव्हा बाहेरच्या जगाला हे काहीतरी नवीन आहे हे कळलं.

गाण्यांचे विषयही बदलले, आणि इथे रास्ता लोक येतात. रास्ताफारी हा १९३० च्या दशकात जमैकात तयार झालेला पंथ. हैले सेलासी १९३० मधे इथिओपियाचा सम्राट झाला, त्याला हे लोक देव मानतात, आफ्रिका ही आपली खरी भूमी, आणि ज्या व्यवस्थेने गुलाम केलं ती बॅबिलोन. २१ एप्रिल १९६६ ला सेलासी स्वतः किंग्स्टनला आला तेव्हा विमानतळावर इतकी गर्दी की तो विमानातून उतरेना. गांजा त्यांच्यासाठी पूजेचा भाग, आणि तो बेटावर आणला १८४५ पासून ऊसमळ्यांत गेलेल्या भारतीय मजुरांनी असं मानतात. बोनी एमचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलोन' आपल्याकडच्या अख्ख्या एका पिढीने कॅसेटवर ऐकलंय, ते मुळात मेलोडियन्स या जमैकन ग्रुपचं, १९७० चं. मूळ गाण्यात सेलासीचे रास्ता पद्धतीचे उल्लेख आहेत, १९७८ मधे बोनी एमने ते काढले, राहिलं नुसतं बायबल आणि डिस्को.

मार्लीबद्दल एवढंच सांगतो की तो, पीटर टॉश आणि बनी वेलर हेही आधी स्टुडिओ वनवर स्का आणि रॉकस्टेडी गाणाऱ्या ग्रुपमधले होते, १९६४ च्या 'सिमर डाउन' पासून. १९७३ मधे 'कॅच अ फायर' अल्बम आला तेव्हा आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलने लंडनमधे त्यावर रॉक गिटार वगैरे चढवले, गोऱ्या श्रोत्यांना ओळखीचं वाटावं म्हणून. चाललं ते, जगभर चाललं. पण म्हणूनच फक्त मार्ली ऐकलेल्या माणसाला बर्निंग स्पिअर किंवा ॲबिसिनियन्स यांच्यासारखे रेगेवाले एकदम ओकेबोके वाटतात. ते ओकेबोके नाहीत, रंगवलेले नाहीत एवढंच. बाकी २२ एप्रिल १९७८ च्या कॉन्सर्टमधे मार्लीने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेता एडवर्ड सिएगा यांना स्टेजवर बोलावून त्यांचे हात एकत्र धरले, तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. त्याआधी डिसेंबर १९७६ मधे त्याच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या हे माहीत असलं की त्या फोटोत जास्त दिसतं.

आता रॉकस्टेडीची दोन वर्षं एवढी महत्त्वाची का म्हणतोय ते. गोष्ट सांगतात ती अशी की स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला रडी रेडवूड याच्यासाठी ट्रेझर आइलमधे पॅरागॉन्सच्या 'ऑन द बीच' ची कॉपी काढताना इंजिनिअरकडून गायकांचा आवाज टाकायचाच राहिला, नुसतं वाद्यसंगीत आलं. रेडवूडने ते रात्री वाजवलं आणि अख्खं पब्लिक स्वतः गायला लागलं. तेव्हापासून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिनगाण्याचं गाणं द्यायची पद्धत पडली, त्याला व्हर्जन म्हणतात. मग यू-रॉय हा डीजे माइक घेऊन त्याच ट्रेझर आइलच्या जुन्या ट्रॅकवर तालात बोलायला लागला, आणि १९७० मधे त्याची गाणी जमैकाच्या चार्टवर पहिल्या तिन्ही नंबरांवर होती. पॅरागॉन्सचं 'वेअर यू टू द बॉल' आधी ऐका आणि लगेच यू-रॉयचं, जॉन होल्ट गातोय आणि हा मधेमधे त्याला तोंडावर उत्तरं देतोय.

किंग टबी मुळात इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा माणूस, त्याने मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य केलं, आवाज मधेच काढ, गिटार इकोमधे फेक, सगळं बंद करून फक्त ड्रम आणि बास ठेव, हे म्हणजे डब. आणि एकच बास-ड्रमचा साचा घेऊन त्यावर डझनावारी गायकांनी वेगवेगळी गाणी करायची, या साच्याला रिडिम म्हणतात. स्टुडिओ वनवरचा 'रिअल रॉक' साठच्या दशकातला, त्यावर विली विल्यम्सचं 'आर्मगिडिअन टाइम', आणि तेच १९७९ मधे लंडनच्या क्लॅश या रॉक बँडने घेतलं. १९८५ मधे तर कॅसिओच्या छोट्या की-बोर्डमधल्या तयार तालावर 'स्लेंग टेंग' आलं आणि माणूस बास वाजवायचाच थांबला, पण तो विषय वेगळा. किंग्स्टनमधे जन्मलेला कूल हर्क न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधे गेला, ऑगस्ट १९७३ मधे तिथे त्याने मोठे स्पीकर लावून पार्टी केली, आणि हिप-हॉपची सुरुवात तिथून मोजतात.

या सगळ्यात पैसे मात्र वादकांना मिळाले नाहीत. एका गाण्याचे, एका सेशनचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी जायचं, पुढे त्या बासवर शंभर गाणी झाली तरी वाजवणाऱ्याला काही नाही. जॅकी मिटू कॅनडात गेला, लिन टेटही कॅनडात, अल्टन एलिस लंडनला. २०१८ मधे युनेस्कोने रेगेला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा यातले बरेच जण हयात नव्हते.

ऐकणार असाल तर एक विनंती, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून बास येतच नाही, म्हणजे अर्धं गाणं गायब. बरे हेडफोन घ्या नाहीतर गाडीतली सिस्टिम. आधी पॅरागॉन्स, टेक्निक्स, मेलोडियन्स, अल्टन एलिस, फिलिस डिलन, मग टूट्स, मग बर्निंग स्पिअरचं 'मार्कस गार्वी', मग टबी, आणि मार्ली परत एकदा शेवटी. आणि खऱ्या साउंड सिस्टिमसमोर उभं राहायचं असेल तर किंग्स्टनपर्यंत जायची गरज नाही, गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगे फेस्टिव्हल सुरू झालाय, तारखा बघत जा.